एक नोव्हेंबरपासून फळी रिकामी ठेवावी

गुरुवार, ३ सप्टेंबर २०१५

आज मालाच्या गाडीबरोबर औषध खात्याचं पत्र आलं. एकच पान. एक नोव्हेंबरपासून किराणा दुकानांत पॅरासिटामॉलच्या गोळ्या विकायच्या नाहीत, उरलेला माल परत पाठवायचा, फळी रिकामी ठेवायची. यापुढे त्या गोळ्या फक्त औषधांच्या दुकानात. म्हणजे लिक्सेले शहरात, ऐंशी किलोमीटरवर. कारण अगदी शेवटच्या ओळीत आहे: या गोळ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्यांची संख्या वाढते आहे, त्यात तरुण जास्त.

गल्ल्यामागे उभ्याउभ्या तीनदा वाचलं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तूवेने त्या गोळ्या माझ्याच हातून घेतल्या होत्या. सोल्वेइगची मुलगी तूवे, एकोणीस वर्षांची. अठराच्या आतल्यांना द्यायच्या नाहीत हा नियम तेव्हाही होता, म्हणून मी गमतीने म्हटलं, "ओळखपत्र दाखव बघू." तिला मी जन्मापासून ओळखते. ती हसली आणि तिने खरंच काढून दाखवलं. सहा दिवसांनी ती हॉस्पिटलात वारली. नंतर गावात ज्याने त्याने मला सांगितलं, मारीता, कुणीही दिल्या असत्या, फळी ती फळी, तिचा काय दोष. त्या एका वाक्यावर मी दीड वर्ष काढलं. आता सरकारच म्हणतं आहे की दोष फळीचा होता.

पत्र घडी करत होते तेवढ्यात बिर्येर आला. एकाहत्तर वर्षांचा आहे. तीस वर्षं इथल्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवली, आता दर गुरुवारी दुकानातल्या खिडकीजवळच्या बाकावर बसून फुकटची कॉफी पितो. कप धुऊन ठेवला आणि गोळ्यांच्या फळीकडे बोट केलं.

"किती देऊ?"

"आहेत तेवढी."

"सगळी पाकिटं?"

त्याने नुसता श्वास आत ओढला. आमच्याकडे 'हो' म्हणायला तेवढं पुरतं.

हा सलग तिसरा गुरुवार. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको एल्सी गेली, मूल नाही, उन्हाळ्यात त्याने होडी विकली. मला हे आवडत नाही. पण मी दिल्या. काय म्हणून नाही म्हणणार, एकाहत्तर वर्षांच्या माणसाला?

बरं झालं, गाडी उतरवतानाच मी माझं एक पाकीट एप्रनच्या खिशात टाकलं होतं. खांद्यासाठी.

सोमवार, ७ सप्टेंबर

मूस हरणांची शिकार सुरू झाली. गावातले सगळे पुरुष आणि निम्म्या बायका जंगलात. दिवसभरात तीन गिऱ्हाइकं. दोनदा फ्रीझर पुसला. रेडिओ लावला तर त्यात कुणीतरी दुसऱ्या कुणाशी बोलत होतं, म्हणून बंद केला.

माझा नवरा लाइफ मला सोडून नॉर्वेला गेला त्याला या महिन्यात चार वर्षं होतील. त्याच्यासाठी रडणं केव्हाच संपलं. पण संध्याकाळी दार उघडताना अजून मी पाय जरा जास्तच आपटते, आत कुणाला कळावं म्हणून.

गुरुवार, १० सप्टेंबर

आज फळीवर चिठ्ठी लावली: माणशी एकच पाकीट. तूवेच्या वेळीच लावायला हवी होती. बिर्येरने ती चष्मा लावून सावकाश वाचली.

"तुलाही?"

"काय मलाही?"

"हा नियम. तुलाही लागू?"

"मी दुकानातली आहे, बिर्येर."

"हं," म्हणाला आणि एकच पाकीट घेऊन गेला. मला सुटल्यासारखं झालं.

दुपारी शिकारीची टोळी आली. सहा जण, नारिंगी टोप्या, चिखलाचे बूट. एकामागोमाग एक उभे राहिले आणि प्रत्येकाने एकेक पाकीट मागितलं.

"सहा जणांची डोकी एकदम दुखायला लागली?" मी विचारलं.

"माझं तर फारच," त्यांच्यातला होकन म्हणाला. "सकाळी बिर्येरने सांगितल्यापासून."

"काय सांगितलं?"

"शिकारीच्या खोपटातली प्रथमोपचाराची पेटी भरायची आहे म्हणून. एकेक घेऊन या म्हणाला, तिथे बाईसाहेबांनी कायदा केलाय."

बाकीचे हसले. मीही हसले असेन. फळी रिकामी झाली. सकाळच्या धांदलीत माझं पाकीट घ्यायचं राहिलं होतं. त्यावरून मला एवढा राग का यावा? खांदा तर आज दुखतही नव्हता.

रविवार, २० सप्टेंबर

बिर्येर आता गुरुवारी नऊलाच, गाडीबरोबर हजर असतो. औषधांचं खोकं स्वतः उचलतो, फोडतो, फळीवर लावतो आणि त्यातून आपलं घेतो. शिकारीला न गेलेल्या दोन म्हाताऱ्यांनाही त्याने एकेक पाकीट न्यायच्या कामाला लावलं आहे. मी विचारलं तर म्हणतो, "थंडी येतेय."

माणूस साठा करतो तो कशासाठी, हे मला आता शिकवायला नको. पुन्हा एकदा माझ्याच दुकानातून, माझ्याच डोळ्यांदेखत. त्याला विचारायलाच हवं. आज दुकान बंद असताना जाऊन दुधाच्या फ्रीजसमोर उभं राहून सराव केला. "बिर्येर, तुझ्या मनात काय चाललंय?" काचेत माझं तोंड फार पांढरं दिसलं.

त्याच्या घरी जावं तर काम काय सांगू? काम असल्याशिवाय इथे कुणी कुणाच्या दारात जात नाही. दारातून आत यायचं, बुटांसकट तिथेच उभं राहायचं, हवापाण्याचं बोलायचं, मग काम सांगायचं आणि निघायचं. नुसती आले, असं मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही.

गुरुवार, २४ सप्टेंबर

विचारलं. म्हणजे तोंड उघडलं.

"बिर्येर."

"हं."

"हिवाळ्याचे टायर घातलेस?"

"सप्टेंबरात?"

"नाही, आपलं विचारलं."

तो कप धुऊन दारापर्यंत गेला, वळला. "तुझा खांदा कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हटलं. तो गेल्यावर लक्षात आलं की खांद्याचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. खांदा धरून फिरत असेन बहुतेक.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

पहिला बर्फ पडला. टिकला नाही.

गेले काही दिवस आवराआवर करते आहे. दुकानाची मागणी कशी नोंदवायची, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांच्या बंद पिशव्या बसवरून कशा उतरवून घ्यायच्या, फ्रीझर अडला की कुठे थोपटायचं, सगळं एका वहीत लिहून काढलं. दुकान चालवणाऱ्या सोसायटीच्या मंडळींना मी नसताना कुणाला विचारावं लागू नये. किल्ल्यांना नावं लावली. बऱ्याच दिवसांनी इतकं शांत वाटलं. झोपही लागली.

लाइफची लाकूड कापायची करवत पडून होती, ती बिर्येरला देऊन टाकायला काढली. चांगली मशीन आहे. त्याने हात लावला नाही.

"मग तुझं लाकूड कोण कापणार?"

"या हिवाळ्यात मला फारसं लागणार नाही."

तो बुटांवरचा बर्फ वितळून जमिनीवर डबकं होईपर्यंत तसाच उभा राहिला. मग करवत न घेताच गेला. चमत्कारिक माणूस. देणाऱ्याचं मन मोडतं हे त्याला कळत नाही.

गुरुवार, २९ ऑक्टोबर

उरलेली पाकिटं खोक्यात भरून परत पाठवली. फळी पुसली. पुसताना वाटलं, एवढीच होती. हाताच्या दोन वितींची. बिर्येर बाकावरून बघत होता.

"गेली सगळी?"

"दुकानातली सगळी."

"दुकानातली," तो म्हणाला.

त्याच्या घरात जो साठा आहे त्याला कुठलं पत्र आणि कुठला कायदा. ते सरकारच्या हातात नाही, माझ्या आहे. मी विकलेला आहे.

शनिवार, ३१ ऑक्टोबर

आज मृतांचा दिवस. थडग्यांवर दिवे लावायला लोक अंधार पडल्यावर येतात, म्हणून मी दुपारी दोनलाच गेले. आईचा दिवा लावला. परतताना तूवेपाशी सोल्वेइग होती. वळून जावं तर बर्फात पाय वाजले.

दीड वर्षात ती दुकानात आलेली नाही. दूधसुद्धा लिक्सेलेहून आणते.

"उद्यापासून ना?" तिने विचारलं.

"हो. परवाच परत पाठवल्या."

तिची काडी वाऱ्याने विझत होती. मी हात आडवा धरायला हवा होता. धरला नाही.

"लिक्सेलेला जावं लागलं असतं तर तिला माझ्याकडे गाडीची किल्ली मागावी लागली असती," सोल्वेइग म्हणाली. "मी विचारलं असतं, कशाला हवी. ती चिडली असती. अर्ध्या रस्त्यापर्यंत माझ्यावरच धुसफुसत गेली असती. मग तिला भूक लागली असती. रागावली की भूक लागायची तिला. कुठेतरी थांबून सॉसेज खाल्लं असतं, आणि मग कदाचित परतली असती."

मी तिची विझलेली काडी बर्फातून उचलली.

"तुला नाही बोलत मी, मारीता. ते ऐंशी किलोमीटर माझ्या डोक्यातून जात नाहीत, एवढंच."

चौथी काडी लागली. ती आणखी काही बोलणार होती असं वाटलं, पण मी म्हटलं, मला दुकानात काम आहे. शनिवारी दोनला दुकान बंद होतं हे तिला माहीत आहे.

तिने सांगायचं ते सांगितलंच. तूवे आणि ते ऐंशी किलोमीटर यांच्या मध्ये मी उभी होते, हसत.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

काही नाही. फळीवर काय ठेवावं ते ठरत नाही. बॅटऱ्या ठेवल्या, परत काढल्या.

बुधवार, ११ नोव्हेंबर

सगळं झालं आहे. एकच काम उरलं: बिर्येरचा साठा. तो तसाच मागे ठेवून मला चालणार नाही. उद्या दुकान बंद झालं की जाईन. जुनी औषधं परत करायच्या पारदर्शक पिशव्या आहेत औषधांच्या दुकानाच्या, त्यातल्या दोन घेईन. काम म्हणून ते पुरेल. तेवढं झालं की मी मोकळी.

शनिवार, १४ नोव्हेंबर

हे लिक्सेलेला, हॉस्पिटलातल्या खिडकीजवळच्या पलंगावर लिहिते आहे. वही आणि पेन आमच्या परिचारिकेने, सिव्हने, आणून दिलं. परवा जे झालं ते झालं तसं लिहून ठेवते, नाहीतर मी ते बदलेन.

तीनला दुकान बंद केलं. अंधारायला लागलं होतं. बिर्येरच्या दारातून आत गेले आणि चटईवर उभी राहिले. तो बटाटे सोलत होता.

"तळं गोठायला लागलंय," मी म्हटलं.

"कडेकडेने."

"पत्रात लिहिलंय, घरोघरच्या गोळ्याही गोळा करायच्या. मी पिशवी आणलीय."

त्याने सुरी खाली ठेवली. "पत्रात तसं काही नाही. रेडिओवर सगळं वाचून दाखवलं होतं."

आयुष्यात एकदा खोटं बोलले तर पकडली गेले. पण तो उठला, हात पुसले आणि भिंतीकडच्या लाकडी बाकाचं झाकण उचललं. आत पाकिटं होती. सरपण रचावं तशी रांगेत, एकावर एक, शिकाऱ्यांची सहासुद्धा. एकही उघडलेलं नव्हतं.

"कुठे काय दुखतंय मला," तो म्हणाला.

"मग घेतलीस कशाला?"

"तू विकलीस कशाला?"

"मला वाटत होतं की तू... एल्सी गेल्यापासून... विचारणार होते."

"टायरचं विचारलंस."

"हो."

"आणि मला वाटत होतं की तू," बिर्येर म्हणाला. "तूवे गेल्यापासून."

मी पिशवीची घडी उलगडत राहिले.

"मेपासून बघतोय. गाडी आली की एक पाकीट खिशात. दर गुरुवारी. म्हटलं खांदा असेल. पण खांदा दुखणारा माणूस दुधाचे क्रेट तसे उचलत नाही." तो बोलताना बाकाच्या झाकणाकडे बघत होता. "मला बोलता येत नाही, ते तुला माहीत आहे. म्हटलं, तिच्या आधी आपण उचलावीत. फळीवर नसतील तर घेणार काय. मग तू ती चिठ्ठी लावलीस, म्हणून टोळीला पाठवलं. मग ती करवत काढून बसलीस." इथे त्याचा आवाज बिघडला. "त्या दिवसापासून रोज सकाळी तुझं धुराडं बघतो, धूर निघतो का. तीस वर्षं रस्ते मोकळे केले मी, मारीता. अडवायची सवय नाही."

मला राग आला. खरंच आला. इतक्या दिवसांत एकदा तोंडाने विचारता आलं नाही का, असं मी म्हणणार होते, तेवढ्यात त्याने विचारलं.

"घरी किती आहेत, पोरी?"

"खांद्यासाठी म्हणून थोड्या..."

"खांद्याचं नाही विचारलं मी."

मग मी सांगितलं. चादरींच्या कपाटात, खालच्या खणात, चादरींच्या मागे. बोलल्यावर मलाच ते ऐकू आलं. चादरींच्या मागे. कुणापासून लपवल्या होत्या? त्या घरात मी एकटीच राहते.

त्याने बटाटे पाण्यात टाकले, टोपी घातली. माझ्यापुढे चालत, बर्फात पायवाट पाडत तो माझ्या घरापर्यंत आला. मी त्याच्या पावलांत पावलं टाकत होते. स्वयंपाकघरात मी सगळी पाकिटं आणून टेबलावर ठेवली. त्याने ती माझ्याकडे न बघता पिशवीत भरली आणि पिशवी दाराबाहेर नेऊन ठेवली. मग आरोग्य केंद्रातल्या सिव्हला फोन लावला. ती आमच्या भागाची परिचारिका, शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होती.

"बिर्येर बोलतोय. मारीताकडे आहे. ये," एवढंच म्हणाला आणि फोन माझ्या हातात दिला.

सिव्ह आडून बोलली नाही. "मारीता, मरायचा विचार करते आहेस का?"

हा शब्द आमच्या गावात कुणी उच्चारत नाही. तूवेच्या वेळीही 'झालं ते' असं म्हणायचे. सिव्हने घाई केली नाही, तिच्याकडचं घड्याळ ऐकू येत होतं. मग मी श्वास आत ओढला.

"हे मला फोनवर ऐकू येत नाही," ती म्हणाली. "तोंडाने सांग."

"हो," मी म्हटलं.

"बरं. बरं झालं सांगितलंस. आत्ता एकटी आहेस का?"

मी बघितलं. बिर्येर दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. बूट काढून ठेवले होते. मोज्याच्या टाचेला जाड लोकरीचं ठिगळ होतं, एल्सीच्या हातचं नव्हे, त्याने स्वतः लावलेलं, वेडंवाकडं.

"नाही," मी म्हटलं.

रस्ता निसरडा होता, सिव्हला यायला पाऊण तास तरी लागणार होता. बिर्येर म्हणाला, कॉफी करूया. मी म्हटलं, कपबशा नाहीत, चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीसाठी सगळ्या बांधून ठेवल्या. खोकं कोपऱ्यातच होतं, दोरी बांधलेलं, वर माझ्या अक्षरात 'कपबशा, जपून'. त्याने त्या खोक्याकडे बघितलं आणि खिशातून चाकू काढून दोरी कापली. कागद सोडवून एक कप काढला, आत फुंकर मारली, टेबलावर ठेवला. मग दुसरा. थोडा वेळ थांबून खोक्यात परत हात घातला आणि सिव्हसाठी तिसरा शोधायला लागला.